झोपेपुरता आवाज

कापड संपलं तरी गोजराबाईने पाय थांबवले नाहीत. शेवटच्या परकराची कड शिवून झाली होती. तिने सुईतला दोरा ओढून घेतला आणि रिकामं मशीन तसंच चालू ठेवलं. बाहेर मारतहळ्ळीच्या शेतांवर भर दुपारचं ऊन होतं. मशीनच्या पायाशी चटईवर हंबीरराव झोपला होता. गुडघे पोटाशी घेतलेले, तोंडावर कोट आणि एक हात मशीनच्या लोखंडी पायावर टाकलेला.

शेजारची कस्तुराबाई ताकाचं भांडं घेऊन दारात आली आणि बघतच राहिली.

"अक्का, हवा शिवताय काय?"

"ते झोपलेत," गोजराबाई म्हणाली.

"मग बंद करा की मशीन."

"बंद केलं की उठतात. तुम्ही बोला खुशाल. बोलण्यानं काही होत नाही."

"आमच्याकडे भांडं वाजलं की घर डोक्यावर घेतात. तुमचं सगळंच उलटं." कस्तुराबाई उंबऱ्यावर टेकली.

उलटं होतंच. हंबीरराव मालवाहू विमानाचा पायलट. संध्याकाळी बेंगळूरहून उडायचा, नागपुरात माल उतरवून नवा भरायचा आणि सकाळी घरी यायचा. जगाची झोप संपली की याची सुरू. लग्नानंतरचे पहिले काही महिने त्याला घरात झोपच येत नसे. पाखरं शांत, रस्ता शांत आणि हा छताकडे बघत पडलेला. मग एके दिवशी गोजराबाई शिवाजीनगरच्या दुकानाचं शिवण घेऊन बसली आणि दहा टाके पडले नाहीत तोवर हा घोरायला लागला. तेव्हापासून ती त्याच्या झोपेच्या वेळेलाच शिवायला बसत आली होती. दुकानदाराला वाटे, बाई फार कष्टाळू आहे. तिनेही त्याचा तो समज कधी मोडला नाही.

"सिनेमातल्यासारखं एक पांढरं अंथरूण तरी करून द्या त्यांना," कस्तुराबाई म्हणाली आणि पदरात हसली.

मागच्याच आठवड्यात ती या दोघांना दंडूतल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, टॉकीजला ओढून घेऊन गेली होती. सिनेमाचा नायक पायलट होता. विमान मध्यरात्री ढगांवरून चाललेलं असताना तो जांभई देऊन उठला, मखमली पडदा सारून आत गेला. आत पलंग, पांढरी चादर, उशाशी फुलदाणी. तो आडवा झाला तर एका हसऱ्या मुलीने येऊन त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि उठला तेव्हा तीच कॉफी घेऊन उभी. एवढं झोपूनही त्याच्या केसांचा भांग जिथल्या तिथे होता. बायकांच्या बाजूला सगळ्यांनी सुस्कारे सोडले. गोजराबाईने सोडला नाही. आपला नवरा वर आकाशात कुठे आणि कसा झोपतो हे आपण कधी विचारलंच नाही, हे तिला तिथे अंधारात बसल्यावर सुचलं आणि ती मुलगी काही केल्या डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर तिने विचारलं. हंबीरराव पोट धरून हसला. मग कोट काढून सरळ स्वयंपाकघरात तांदळाचा डबा आणि सरपण यांच्यामधल्या फटीत आडवा झाला.

"हे यंत्रांचे सुटे भाग. ही कोंबडीच्या पिल्लांची खोकी. आणि मधली ही आपली शेज. उशाला टपालाची पोती. कधी आंबे असतात, तेव्हा झोप गोड. मासळी असली तर देवाचं नाव घ्यायचं."

"आणि पाय?"

"पाय नागपुरात लांब करायचे." त्याने सुतळी घेऊन कमरेला बांधली आणि दुसरं टोक जात्याच्या खुंट्याला अडकवलं. "माल बांधायच्या कड्याला हे असं बांधून घ्यायचं. नाहीतर विमान कललं की माणूस पिल्लांवर."

"कॉफी कोण देतं?"

"विश्वेश्वर. तो कॉफी देत नाही, बुटानं ढोसतो. उठा अण्णा, तुमची पाळी."

ती हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने हसण्यावारीच नेलं. इतकी वर्षं हा माणूस खोक्यांमध्ये बांधून घेऊन झोपत होता आणि ती त्याला घरी आल्यावर पाय पसरून झोपा म्हणून रागे भरत होती.

"आणि सिनेमावाल्यांची खरी चूक वेगळीच," उठून सुतळी सोडत तो म्हणाला. "विमान चाललंय आणि आवाजच नाही. देवळात असावी तशी शांतता. तिथे कुणाला झोप येईल? आमची झोप आवाजावर असते, गोजरा. दोन्ही इंजिनं एका सुरात लागली की डोळा लागतो. सूर जरा हलला की विश्वेश्वरच्या बुटाआधी जाग येते."

इकडे कस्तुराबाईने स्वतःच ताक पातेल्यात ओतलं आणि रिकामं भांडं घेऊन निघता निघता म्हणाली, "पण सिनेमा परत नको गं बाई. त्या विमानाची घरघर अजून माझ्या कानात आहे. शेवटी पदर कोंबला मी कानात."

"कुठली घरघर?"

"विमानाची की. तुम्ही माझ्याच शेजारी होता. डोकं उठलं होतं माझं."

गोजराबाईला आठवलं. घरघर होतीच. त्या नायकाने पांघरूण ओढून घेतलं तेव्हा तर खुर्चीचा हात थरथरत होता.

"हे म्हणाले, आवाजच नव्हता."

"थट्टा करतात तुमची," म्हणत कस्तुराबाई गेली.

थट्टा करतच असतील. त्याला सवय होती तशी. गोजराबाई पायडल मारत राहिली. मागच्या थंडीत त्याला सर्दी होती, आणि तशाच सर्दीत विमान उतरवलं म्हणून कानाला दडे बसले होते. दहा-पंधरा दिवस तो डोकं हलवत फिरत होता. मग एके दिवशी म्हणाला, सुटले दडे. त्याच सुमाराला त्याने आपली चटई भिंतीपासून उचलून मशीनपाशी आणली आणि झोपताना लोखंडावर हात ठेवायला लागला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवऱ्याला जवळ झोपावंसं वाटतं, या विचाराने ती तेव्हा मनातून सुखावली होती.

तेवढ्यात मशीनचा पट्टा तुटला.

जुनाच चामड्याचा पट्टा, कधीचा बदलायला झालेला. चट्ट असा आवाज झाला, वरचं चाक गरकन थांबलं आणि सुई जिथल्या तिथे उभी राहिली. खाली तिचे पाय मात्र सवयीने चालतच होते. खालचं मोठं चाक रिकामं फिरत होतं. त्याला तसा आवाज नव्हता. इतकी शांतता झाली की विहिरीवरच्या रहाटाची करकर तिला घरात ऐकू आली.

आता हे उठतील म्हणून तिने खाली बघितलं.

हंबीरराव झोपला होता. पूर्वी ती खालची रिकामी रिळं बदलायला थांबली तरी त्याचा एक डोळा उघडायचा. आता त्याचा श्वास संथ चालला होता.

"अहो," ती म्हणाली.

मग मोठ्याने म्हणाली, "अहो!"

अंगणातलं मांजर दचकून पळालं. कोटाखाली काही हललं नाही. दमले असतील, असं तिने मनाशी म्हटलं आणि म्हणता म्हणताच तिची नजर त्याच्या हातावर गेली. तळवा लोखंडावर पसरलेला होता, आणि तिच्या पायांबरोबर ते लोखंड बारीक थरथरत होतं.

तिने पाय थांबवले.

लोखंड स्थिर झालं. त्याची बोटं हलली, चाचपली, आणि हंबीररावने तोंडावरून कोट काढला.

"का थांबलीस?"

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. ओठांकडे. हे गेले कित्येक महिने असंच चाललेलं असणार, आणि तिला वाटत होतं नवरा आपल्याला न्याहाळतो. तिने पदर तोंडावर धरला आणि पदराआडून म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतं का हो?"

तो क्षणभर त्या पदराकडे बघत राहिला. मग उठून बसत म्हणाला, "होय, टाक चहा." आणि आळस देत पुढे म्हणाला, "आज मशीनचा आवाज काय छान लागला होता. झोप झाली."

गोजराबाईने तुटलेला पट्टा मुठीत लपवला आणि ती चुलीपाशी गेली. पाणी उकळून आटलं तरी तिला चहाची पूड घालायचं सुधरेना. हा माणूस सकाळी दात घासतानाही आकाशाकडे बघून वारा कुठला ते सांगणारा. विमान काढून घेतलं तर याच्याकडे उरणार काय? आणि नाही काढून घेतलं, तर वर अंधारात इंजिनाचा सूर हलेल तेव्हा ऐकणार कोण?

दिवस मावळायच्या बेताला कंपनीची गाडी आली. विश्वेश्वर अंगणात उतरला. बनशंकरीकडचा पोरगा, आईला एकुलता. हंबीररावच्या हाताखालीच शिकून पायलट झालेला. आत हंबीरराव कपडे करत होता. गोजराबाईने विश्वेश्वरला तुळशीपाशी गाठलं.

"विश्वा, तुला ठाऊक आहे ना?"

त्याने काय म्हणून विचारलं नाही. बुटाने माती उकरत राहिला.

"रेडिओवर मीच बोलतो, अक्का. अण्णांचा हात काय चुकत नाही. हातानं समजतं त्यांना सगळं. डॉक्टरी तपासणीचं पण काहीतरी करू." तो थांबला. "त्यांनी मला उडायला शिकवलं. मी कुणाला जाऊन सांगू?"

"आणि तुझी झोपायची पाळी असते तेव्हा?"

विश्वेश्वरने वर बघितलं. त्याचे डोळे लालभडक होते. हे डोळे तिने आधीही बघितले होते आणि पोरगा सिनेमे फार बघतो असं समजली होती.

"मी झोपत नाही, अक्का. थंडीपासून नाही झोपलो विमानात. पोत्यांवर डोळे मिटून पडतो स्वल्प वेळ. नाही पडलो तर अण्णांना कळेल की."

ती घराकडे वळली.

आत हंबीरराव चटईवरचा कोट उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. गोजराबाई दारात आली तेव्हा तो मशीनचं खालचं चाक हाताने फिरवत होता. खालचं फिरत होतं, वरचं हलत नव्हतं. त्याने वरच्या चाकाच्या खाचेतून बोट फिरवून बघितलं. मग तिच्याकडे वळला.

"पट्टा कधी तुटला?"

तिने मूठ उघडली. दुपारपासून धरून ठेवलेला पट्टा घामाने ओला झाला होता.

"तुम्ही झोपला होता," ती म्हणाली. पदर तिने तोंडावर घेतला नाही.

त्याने तो तिच्या तळव्यावरून उचलला. टोपी त्याच्या काखेत होती. एखादा खोटं पकडलं गेल्यावर चिडतो, तसा तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त म्हातारा दिसायला लागला.

"मी सांभाळतो गोजरा," तो म्हणाला. "हाताला कळतं मला. सगळं कळतं."

"होय. कळतं." ती त्याच्या समोर गेली आणि एक एक शब्द त्याला वाचता येईल असा सावकाश म्हणाली. "विश्वा झोपत नाही. तुमच्यासाठी जागा राहतो. झोपायचं सोंग करतो."

हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याने अंगणात बघितलं. विश्वेश्वर गाडीला टेकून उभा होता, आणि उभ्या उभ्याच त्याची मान छातीवर पडत होती.

हंबीरराव बाहेर गेला. त्याने विश्वेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला तसा तो पोरगा दचकून ताठ झाला.

"आज माझ्या जागी प्रतापराव पायलटला घरून उचल आणि घेऊन जा," हंबीरराव म्हणाला. "मला बरं नाही म्हण. उद्या मी स्वतः येऊन साहेबांना काय ते सांगतो."

"अण्णा..."

"आणि त्याच्या पाळीत झोप रे. खरंच झोप. कमरेला नीट बांधून घे."

विश्वेश्वरने काहीतरी म्हटलं, पण मान खाली घालून म्हटलं. हंबीररावने काय म्हणालास म्हणून विचारलं नाही. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तो अंगणात उभा राहिला.

मग घरात येऊन त्याने बूट काढले. टोपी खुंटीला अडकवायला गेला आणि तशीच ट्रंकेत ठेवली. चटईवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेतले आणि हात लोखंडावर ठेवला. गोजराबाई मशीनवर बसली. पट्टा नव्हता, कापड नव्हतं. तिने पाय चालू केले.

अंधार पडता पडता विमान घरावरून गेलं. फळीवरची पातेली खुळखुळली, छपराची कौलं थरथरली. एरवी ती दार लावून घ्यायची, इतका तो आवाज मोठा. तिने मान वर करून तो पार विरेपर्यंत ऐकला. खाली बघितलं तर हंबीररावचे डोळे मिटलेले होते.

"गेलं?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

तिने वाकून त्याच्या हातावर हात ठेवला आणि दाबला. पाय तिने थांबवले नाहीत.