गाडीच्या आतली हवा

ओमॅक गावात ऑगस्ट लागला की धूर येतोच. कुठल्या ना कुठल्या डोंगराला आग लागलेली असते. यंदा तीन डोंगरांना लागली होती. लोक सकाळी उठून आधी फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघत आणि मग कॉफी ठेवत. नोरीन हॉगनला आकडा बघायची गरज नव्हती. नवरा अंथरुणात किती वेळ खोकतो, त्यावरून तिला तो बिनचूक कळायचा.

व्हर्नने प्लायवूडच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं काढली. गिरणी बंद पडली, पण तिथला भुसा त्याच्या फुप्फुसांत तसाच राहिला. आता नाकात नळी, बगलेत प्राणवायूची छोटी टाकी आणि एका दमात फक्त तीन शब्द. चौथ्यासाठी थांबावं लागे. एकेकाळी हा माणूस पेट्रोल भरता भरता अनोळखी लोकांना अर्धा तास धरून ठेवायचा. नोरीन तेव्हा गाडीत बसून दात-ओठ खायची, आणि आता तीच त्या बडबडीसाठी जीव टाकत होती.

लांबच्या स्पोकेन शहरातल्या फुप्फुसांच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ चार महिन्यांनी मिळाली होती, जुलैमध्ये. दोघं निघालेही. पण घाट चढताना काचा बंद असूनसुद्धा एसीच्या जाळीतून धूर आत यायला लागला आणि वाटेतल्या नेस्पेलम गावाला पोचेतो व्हर्नचे ओठ निळे पडले. तिथूनच परत फिरावं लागलं. डॉक्टरांकडच्या बाईने फोनवर हळहळ व्यक्त केली, नवी तारीख दिली, आणि हेही सांगितलं की ही चुकली तर पुढची थेट ख्रिसमसनंतर. ख्रिसमसपर्यंत व्हर्न थांबेल असं नोरीनला वाटत नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, पण रोज तोच विचार उशाशी घेऊन ती झोपत होती.

नवी तारीख येत्या शुक्रवारची होती, आणि धूर तर जुलैपेक्षा दाट.

"व्हर्न, गाडीत हवा गाळायचा तो फिल्टर असतो ना, तो कधी बदललास?" तिने मंगळवारी विचारलं.

"एप्रिलमध्ये बदललाय," व्हर्न म्हणाला. मग दम घेऊन, "नवाकोरा आहे तो."

गाडीच्या बाबतीत व्हर्नचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्नाच्या एकतीस वर्षांत त्याने घरची एकही गाडी गॅरेजवाल्याला शिवू दिली नव्हती. तेव्हा तिने विषय सोडला, आणि बुधवारी वासावर मारायचा एखादा फवारा तरी आणावा म्हणून गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली.

"फवारा कशाला मारताय बाई?" काउंटरवरचा दाढीवाला म्हणाला. "फिल्टर बदला."

"तो एप्रिलमध्येच बदललाय."

"एप्रिलचा? यंदाच्या धुरात तो जुलैतच गेला असणार."

तिने तिथूनच गॅरेजला फोन लावला. पंच्याण्णव डॉलर, आणि गाडी पुढच्या बुधवारी आणा म्हणाले. नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद म्हणजे पगारही बंद. ऑगस्टपर्यंत घरात पैशांची चणचण असायचीच. दाढीवाल्याने दोन खोकी पुढे ठेवली. साधा अठरा डॉलरचा, कोळशाचा थर असलेला सव्वीसचा. "धूर असेल तर कोळशाचाच घ्या. आणि बसवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही," तो म्हणाला. तिने कोळशाचा घेतला.

घरी नेऊन बसवायची सोय नव्हती. व्हर्नने बघितलं असतं तर टाकी बगलेत घेऊन धुरात बाहेर आला असता, तुला जमायचं नाही म्हणून. म्हणून तिने दुकानाच्या आवारातच गाडी लावली. भिंतीवर ठळक पाटी होती, या जागेत गाड्या दुरुस्त करू नयेत, आणि पाटीच्या बरोबर खाली एक धिप्पाड बाई आपल्या पिकअपची बॅटरी बदलत होती. ती पाटी वाचून कुणी कधी घरी गेल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नाही.

ग्लव्ह बॉक्सच्या, म्हणजे सीटसमोरच्या खणाच्या मागे फिल्टर असतो, एवढं दाढीवाल्याने सांगितलं होतं. नोरीनने बॉक्स रिकामा केला. केचपच्या पुड्या, जुने विम्याचे कागद, व्हर्नचे तीन चष्मे. मग ती बॉक्स ओढायला लागली. तो हलेना. तिने दोन्ही हातांनी हिसडा दिला. तरी ढिम्म. दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली, डोळे धुराने चुरचुरायला लागले, आणि शेवटी तिने त्या बॉक्सवर मूठ आपटली.

"अगं अगं! मारतेस काय त्याला? नवरा आहे का?"

बॅटरीवाली बाई दारात येऊन उभी होती. रोबर्टा तिचं नाव, आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, रिझर्व्हेशनवर राहणारी, गाडीतून गवताचे गठ्ठे वाहणारी.

"नवरा असता तर त्याने ऐकलं असतं," नोरीन म्हणाली आणि तिला हसू यायच्याऐवजी रडूच आलं. मग तिने तोंडाला येईल ते सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, स्पोकेन, निळे ओठ, ख्रिसमस. मनातली ती गोष्ट पहिल्यांदा कुणाला सांगितली, तीही वंगणाच्या हातांच्या एका परक्या बाईला.

रोबर्टाने धीराचे शब्द वगैरे काढले नाहीत. "सरक," एवढंच म्हणाली, आणि स्वतः न बसता बाहेरूनच वाकून दाखवायला लागली. "ओढायचं नाही. दोन्ही बाजूंनी आत दाब. गाल चिमटीत धरतात ना, तसं. हां. आता उजव्या अंगाला ती दोरी आहे, ती काढ."

बॉक्स खट्टकन खाली लोंबला. मागे एक चपटं झाकण होतं, ते उघडलं, आणि नोरीनने फिल्टर बाहेर ओढला. त्याच्याबरोबर तिच्या मांडीवर पाइनच्या सुया, झाडांच्या बिया, राख आणि एक मेलेली गांधीलमाशी पडली. मूळचा पांढरा फिल्टर काजळीने काळाकुट्ट झाला होता.

"हा एप्रिलचा?" रोबर्टा म्हणाली. "कुठल्या सालच्या एप्रिलचा?"

गाडीचा कुठलाही भाग बदलला की व्हर्न त्याच्या कडेवर मार्करने तारीख आणि मैल लिहायचा. त्याच्या बापाची सवय. या फिल्टरच्या कडेवरही त्याचेच ठसठशीत आकडे होते. जून, एक्क्याण्णव हजार मैल. साल चार वर्षांपूर्वीचं.

नोरीन कडा पुसून पुन्हा वाचत राहिली. एकतीस वर्षांत व्हर्न गाडीबद्दल तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. "त्याला घाटात श्वास कोंडून मरायला झालं होतं गं," ती म्हणाली. "मी शेजारी बसून काचा घट्ट लावत होते. आणि याला माहीत होतं!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"माझा बाप शेवटच्या वर्षी ट्रक चालवायचा," रोबर्टा म्हणाली. "डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दिसतंय म्हणायचा. शुक्रवारी डॉक्टर उरकून घे. भांडण शनिवारी कर, तेव्हा मोकळी असशील."

नोरीनने नवा फिल्टर खोक्यातून काढून सरकवायला घेतला, तेवढ्यात रोबर्टाने तिचा हात धरला. "बाण बघ आधी. हवा वरून खाली जाते, बाणाचं तोंड खाली हवं. तू उलटा घालतेयस." नोरीनने तो फिरवून बसवला. मग रोबर्टाने डॅशबोर्डवरचं एक बटण दाखवलं, त्यावर गाडी आणि वळलेला बाण. "हे दाबून ठेवायचं. म्हणजे बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच पुन्हा पुन्हा गाळते. मधेमधे दोन मिनिटं बंद कर, नाहीतर तुला डुलकी लागेल."

नोरीनने पर्स उघडली तशी रोबर्टाने हात झटकले. नोरीनने मागच्या सीटवरची पिशवी काढली, परसातल्या काकडीसारख्या झुकिनींची; ऑगस्टमध्ये गावात त्या कुणालाच नकोत इतक्या होत.

"झुकिनी?" रोबर्टा दोन पावलं मागे सरली. "बाई, उपकाराची अशी फेड? ऑगस्टमध्ये मी गाडीला कुलूप लावते ते चोरांसाठी नाही, झुकिनी आणून टाकणाऱ्यांसाठी."

"चारच आहेत."

"सहा आहेत, दिसतायत मला." तरी तिने दोन घेतल्या. आणि जाताना म्हणाली, "तुझ्या माणसाला सांग, रोबर्टाने सांगितलंय, डॉक्टरसमोर तरी खरं बोल."

घरी जाताना गाडीत नुसता कोरा वास होता, नव्या कागदासारखा. नोरीनला त्या बाईबद्दल इतकी माया वाटली, की सिग्नल हिरवा होऊन मागच्याने भोंगा वाजवला तरी ती तशीच बसून होती. कोण कुठली बाई, आडनावही विचारायचं राहिलं.

व्हर्नला ती काही बोलली नाही. शुक्रवारी सकाळी साडेसहाला दोघं निघाले. सूर्य तांबडा, डोंगर गायब. तिने बटण दाबलं आणि मनात शनिवारची वाक्यं जुळवत राहिली. माझ्याशी खोटं बोललास. माझ्याशी! वाक्यं छान जमत होती.

घाट चढून झाला. व्हर्न जाळीसमोर हात धरून बसला होता.

"काय केलंस तू?" त्याने विचारलं.

"फिल्टर बदलला."

व्हर्नने जाळीसमोरचा हात काढून घेतला. नेस्पेलम आलं आणि गेलं. गावाबाहेर पडल्यावर त्याने बोलायला सुरुवात केली.

"एप्रिलमध्ये मी नवा आणला होता. सीटवर बसलो, म्हटलं दहा मिनिटांचं काम. वाकलो की श्वास बंद. पुन्हा बसायचं, पुन्हा वाकायचं. अर्धा तास गेला, नोरीन, त्या बॉक्सला मी बोटसुद्धा लावू शकलो नाही. तुला हाक मारायची होती. तू खिडकीत भांडी घासत होतीस. तू आली असतीस, करूनही टाकलं असतंस, आणि मग मला वाटलं की आता या घरात माझ्या वाट्याचं काही उरलंच नाही. म्हणून दुकानात जाऊन तो परत केला, त्या पैशांत बेकरीतून हकलबेरीची गोड पाय-पेस्ट्री घेऊन आलो, आणि मंगळवारी तू विचारलंस तेव्हा बदललाय म्हणालो. त्या दिवशी पेस्ट्री खाताना तू दोनदा वा म्हणालीस. दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि जुलैमध्ये आपण परत फिरलो, तू रडत गाडी चालवत होतीस, तेव्हा सांगायला हवं होतं. पण लाज वाटली गं. थँक्यू, नोरीन. हे तू केलंस ते."

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापलेला गहू धुरात बुडालेला. नोरीनने जुळवलेली सगळी वाक्यं तोंडाशी आली होती. पहिलं बोलायला तिने तोंड उघडलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की व्हर्न मघापासून एकदाही थांबला नाहीये. तीन शब्दांना नाही, तीस शब्दांना नाही. खोकलाही नाही.

तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. आता मधे एक शब्द टाकायचीही तिला भीती वाटत होती.

"बोल ना," ती म्हणाली. "अजून काय काय लपवलंयस, सगळं सांग. स्पोकेन अजून ऐंशी मैल आहे."