बॅटरीवालं शटर

नागपूरहून आलेल्या माणसानं टेपचं एक टोक उर्मिलेच्या हातात दिलं आणि तो मागं सरकत गॅरेजच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला. आठ फूट चार इंच. आकडा वहीत लिहून त्यानं शटरच्या खालच्या पट्टीत हात घातले, ते गुडघ्यापर्यंत उचललं आणि परत खाली सोडलं.

"वजनदार आहे," तो म्हणाला. "पण मोटर लागली का वहिनी, एका बोटानं उघडाल तुम्ही."

रघुनाथराव अंगणातल्या खुर्चीवर बसले होते. शटरला मोटर लावायचा विचार त्यांचाच होता. नागपूरला एक वर्कशॉप असं काही बनवून देतं, लाईट गेली तरी ते ट्रकच्या बॅटरीवर चालतं, असं कोणाकडून तरी कळल्यावर त्यांनी स्वतः पत्र टाकून माणूस बोलावला होता. पांढुर्ण्यात दुपारची लाईट जाणं ही रोजची गोष्ट. नुसती मोटर घेऊन उपयोग नाही, घ्यायची तर बॅटरीवालीच, असं त्यांचं म्हणणं होतं.

श्रीकांत, त्यांचा मुलगा, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला हे सगळं नको होतं. सकाळपासून तो वेगवेगळी कारणं सांगत होता. बॅटरीत पाणी घालत राहावं लागतं, बिघडलं तर नागपूरहूनच माणूस आणावा लागेल, महिन्यातून दोनदा उघडणाऱ्या शटरला इतका थाट कशाला. रघुनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले,

"तुझी आई गेली ते काहून गेली, विसरला काय?"



देवकाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वेळी रघुनाथराव छिंदवाड्याला ट्रेझरीत होते, शनिवारी येत आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत जात. एका बुधवारी दुपारी देवकाबाईंच्या छातीत कळ आली. श्रीकांत संत्र्याच्या ट्रकबरोबर नागपूरला गेला होता. घरात एकटी उर्मिला. तिला गाडी चालवता येत होती, फियाट मागच्या गॅरेजमध्ये उभी होती, पण शटर तिच्यानं उचललं गेलं नाही. ती रस्त्यावर धावली, कोपऱ्यावरच्या उत्तमनं बैलगाडी जुंपली, आणि कळ आल्यापासून अर्ध्या तासानं, बैलगाडी चौकात पोचण्याआधीच, देवकाबाई गेल्या. रघुनाथरावांना हे असं सांगितलं गेलं होतं, आणि तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते असंच सांगितलं होतं.

सुनेला ते कधी वाकडं बोलले नाहीत. उलट रिटायर होऊन घरी आल्यापासून ते तिला काही उचलूच देत नसत. तिनं पाण्याची बादली धरली की म्हणत, "राहू दे सुनबाई, तुझ्या हातात जोर नाही." गव्हाच्या डब्यापाशी गेली तरी तेच. पाहुण्यांसमोर म्हणत, शेजाऱ्यांसमोर म्हणत. आवाजात राग नसायचा. उर्मिला बादली खाली ठेवायची.

नागपूरचा माणूस आता उकिडवा बसून शटरची खालची पट्टी पाहत होता. मधोमध जमिनीत रोवलेली एक कडी होती, पट्टीला कोयंडा.

"हे काढावं लागेल काकाजी," तो म्हणाला. "कुलूप राहून गेलं आणि कोणी बटण दाबलं तर मोटर जळते."

"काढा न," रघुनाथराव म्हणाले. "त्याले कुलूप लावतेच कोण? मागची गल्ली आपलीच आहे."

माणसानं कोयंड्यावरून अंगठा फिरवला. पत्रा तिथं चेपला होता. आजूबाजूला सात-आठ ठिकाणी रंग उडून खोल पोचे पडले होते आणि त्यांत गंज धरला होता.

"लावत असाल कधी तरी," तो म्हणाला. "कोणी तरी दगडानं फोडाले पाह्यलं आहे. चोर आला होता काय?"

"जुनं असंल," श्रीकांत चटकन म्हणाला. "तुम्ही माप घ्या."

उर्मिलेच्या हातात अजून टेपचं टोक होतं. ते तिनं भिंतीच्या कडेला ठेवलं.

"चोर नव्हता," ती म्हणाली. "मी होती."

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि पुढचंही सांगून टाकलं.

"कुलूप होतं मामाजी. किल्ली यांच्या खिशात होती, नागपूरले."

ते कुलूप कधी लागलं हे तिला वारासकट आठवत होतं. देवकाबाईंनीच तिला गाडी शिकायला लावलं होतं. शनिवार-रविवार सोडून कुठल्याही दिवशी दोघी निघत. बोरगावच्या बगीच्यात, कधी सौंसरला तिच्या माहेरी. देवकाबाई पुढच्या सीटवर बसत, पदर डोक्यावरून कानामागं खोवत, आणि मोठ्यानं बोलत राहत. मग एकदा मंडीत कोणी तरी श्रीकांतला विचारलं की आता घरी गाडी बायकोच चालवते काय, आणि तू बसतो कुठं? लोक हसले. दुसऱ्या दिवशी शटरला कुलूप होतं. आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, गाड्या चोरीला जाऊन राहिल्या आजकाल.

त्या बुधवारी संध्याकाळी तो परतला, आईच्या पायाशी बसून रडला, आणि रघुनाथराव छिंदवाड्याहून पोचायच्या आधी मागच्या गल्लीत जाऊन कुलूप काढून आला. तिसऱ्या रात्री त्यानं उर्मिलेचे हात धरले. तिच्या तळव्यांना तेव्हा फडकी बांधलेली होती. बाबूजींना सांगू नको, म्हणाला, ते मरून जातील. तिला त्याची दया आली होती. मीच सांगतो त्यांना, थोडे दिवस जाऊ दे, असंही तो म्हणाला होता. ती वाट पाहत राहिली. थोड्या दिवसांचे महिने झाले आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की शटर जड होतं ही गोष्ट तो आता तिलाही खरी असल्यासारखी सांगतो.

रघुनाथराव खुर्चीतून उठले नाहीत. बराच वेळ ते मुलाकडे पाहत होते. श्रीकांत पायातली चप्पल जमिनीवर घासत होता. मग त्यांनी मान वळवली ती उर्मिलेकडे.

"तू वर्षभर चूप काहून राहिली?" ते म्हणाले. "मले पहिल्याच दिवशी सांगाचं होतं."

उर्मिलेला वाटलं होतं की हे ऐकल्यावर ते मुलाला काही तरी म्हणतील. निदान तिला काही तरी म्हणतील, दुसरं काही तरी. ती थांबली. पण त्यांचं बोलून झालं होतं.

"आणि कुलूप नसतं," जरा वेळानं श्रीकांत म्हणाला, "तरी तुझ्यानं थोडीच उचललं जाणार होतं."

ती वाकली. पट्टीखाली दोन्ही हात घातले, गुडघे जरा दुमडले, जसं देवकाबाई आत बसायला तयार उभ्या असताना ती दर वेळी करायची, आणि एका दमात शटर डोक्याच्या वर नेलं. वर जाऊन ते खडखडत गुंडाळलं गेलं. फियाटवर धुळीचा थर होता. गाडीची किल्ली घरात खिळ्याला असायची. ती आत जाऊन घेऊन आली.

"उर्मिला," श्रीकांत म्हणाला. "कुठं चालली?"

तिनं गाडी सुरू केली. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा धरली. गल्लीत मागं घेताना तिला नागपूरच्या माणसाचा आवाज ऐकू आला. वही उघडी धरून तो रघुनाथरावांना विचारत होता, मग काकाजी, बॅटरीवालं लिहू की साधं? कोणी उत्तर दिलं की नाही ते तिला कळलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी होते. बाजारात दुकानांची अर्धी दारं लावलेली, लाईट गेलेली, माणसं ओट्यांवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. काहींनी वळून पाहिलं. बसस्टँडपाशी छिंदवाड्याची गाडी आडवी उभी होती, तिच्यासाठी थांबावं लागलं. एक म्हशींचा कळप आला, त्याच्यासाठीही थांबावं लागलं. तिनं घाई केली नाही, हॉर्नही वाजवला नाही.

सरकारी दवाखान्याच्या फाटकातून आत जाऊन तिनं गाडी पायऱ्यांपाशी लावली आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती.

इंजिन बंद करून ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. सरळ पायऱ्यांशी लागलेली गाडी पाहून वऱ्हांड्यातली आया उठली, आतून चाकांचा स्ट्रेचर ढकलत आणला आणि काचेपाशी वाकून मागच्या सीटवर पाहिलं. मग पुढच्या सीटवर पाहिलं.

"पेशंट कोठी हाय बाई?"

"पेशंट नाही," उर्मिला म्हणाली. "किती वेळ लागते ते पाहाले आली होती."

आयेनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्ट्रेचर वळवून आत नेला.