हनुवटी जरा वर

माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर मी गिऱ्हाइकांना "ही फ्रेम तुम्हाला शोभते" असं सांगतो आणि त्यांच्या मागच्या आरशात स्वतःला बघतो. त्यामुळे चित्रकला शिकणारी भाची जेव्हा म्हणाली, "मामा, आमच्या वर्गात मॉडेल म्हणून बसशील? तुझा चेहरा इंटरेस्टिंग आहे," तेव्हा मला नवल वाटलं नाही. हिला हे कळायला एवढा उशीर का लागला, इतकंच वाटलं.

रविवारी उंच स्टुलावर जाऊन बसलो. समोर पोरं-पोरी कोळशाच्या कांड्या घेऊन सज्ज. मी गाल आत ओढले, हनुवटी वर केली, नजर लांब कुठेतरी लावली.

"मामा, नेहमीसारखा बस ना," भाची कुजबुजली.

"नेहमीसारखाच बसलोय," मी ओठ न हलवता म्हणालो. मान आखडली, पण हनुवटी खाली आली नाही.

पुढे त्यांच्या वर्गाच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. दुकान बंद ठेवून बायकोला घेऊन गेलो. शिरल्या शिरल्या एका चित्रासमोर थबकलोच. रुंद कपाळ, कोरीव जबडा, डोळ्यांत विलक्षण खोली! शेजारी उभ्या चित्रकार पोराच्या पाठीवर मी थाप मारली.

"वा! नुसता चेहरा नाही, आतला माणूस पकडलास."

तो गोंधळला. "काका, हे आमच्या कॉलेजचे शिपाई आहेत."

तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाहून बायकोची खणखणीत हाक आली, "अहो, तिकडे काय करताय? तुम्ही इथे आहात!"

सगळा हॉल वळला. मी मुकाट गेलो. चित्रातले गृहस्थ गाल ओढून छताकडे असे बघत होते, जणू छतच त्यांच्या दर्शनाला आलंय. टकलावर आडवे घातलेले चार केस कुणीतरी इमानेइतबारे काढले होते.

"रोज सकाळी बाथरूमच्या आरशात हाच असतो," बायको हसून हसून डोळे पुसत होती. "मी बाहेरून दार वाजवून दमते!"

"विशेष साम्य नाही," मी म्हणालो.

"मामा, सरांनी ह्यालाच पहिला नंबर दिलाय," भाची म्हणाली.

मी चित्राच्या जरा जवळ सरकून उभा राहिलो.

बायकोने ते मागून आणलं आणि थेट दुकानात टांगलं. काल एका बाईंनी विचारलं, "हे तुमचे वडील का हो?"

मी "हो" म्हणालो. वर हेही सांगितलं, की ते माझ्याइतके देखणे नव्हते.