दारात नसलेली भागीरथी

मी दिवाळे गावातल्या एका कोळ्याच्या घरातली तसबीर बोलतेय. मला पाहून आलागेला हसतो. हसा, पण आधी माझं ऐकून घ्या.

सत्तावन्न साली मुंबईचे एक चित्रकार मास्तर लाँचने आले आणि खाडीकाठचं देवजीचं कौलारू घर त्यांच्या मनात भरलं. देवजी जहाजावर खलाशी होऊन परदेशी गेलेला. घरात बायको भागीरथी एकटी. मास्तरांनी सकाळी घर रंगवलं, तेव्हा ती मासळी विकायला गेली होती. ओहोटीच्या चिखलात प्रतिबिंब कुठून दिसणार? म्हणून पाणी रंगवायला ते भरतीपर्यंत थांबले. भरतीलाच मचवे काठाला लागतात, म्हणून भागीरथी रोज त्याच वेळी दारात येऊन उभी राहायची.

झालं असं, की माझ्यातल्या वरच्या घराचं दार रिकामं राहिलं आणि खाली पाण्यात मात्र लाल लुगड्याचा एक फटकारा उलटा उमटला.

"कोंबरी रंगान पाय बुरवून चालली वाटतं," शेजारीण बायजा म्हणाली.

भागीरथीला हसू आलं नाही. "मास्तर, मी पान्यान कशी? मना दारान उभी करा. आमचा मानूस आला त त्याला मी दारान दिसाला पायजे."

"उद्या करतो, रंग ओला आहे," म्हणत मास्तर मला तिथेच वाळत ठेवून गेले, ते गेलेच. एकाची वाट पाहणं कमी होतं, म्हणून बिचारी आता दोघांची पाहू लागली.

बाजारातून आली की ती मला पदराने पुसायची आणि रिकाम्या दारावर बोट ठेवायची. तिथला रंगच उडाला. माझ्या हातात असतं, तर मी तिला केव्हाच दारात उभी केली असती. त्रेसष्ट साली ती तापाने गेली. दार रिकामंच होतं.

तीन वर्षांनी देवजी आला, पांढऱ्या केसांचा, हातात पत्र्याची पेटी. बायजाने मला त्याच्यापुढे धरलं. "ही बघ तुजी भागीरथी."

"दारान त कोन नाय."

बायजाने पाण्यातला लाल रंग दाखवला. "लय वाट बघली तुजी."

देवजीने मान वाकडी करून तो फटकारा बघितला. मग त्याने माझी सुतळी सोडली, दुसऱ्या बाजूला बांधली आणि मला उलटी टांगली. भागीरथी ताठ उभी राहिली, दारात. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "आलो गं."

तेव्हापासून माझं आभाळ खाली आहे. पाहुणे मला सरळ करायला हात पुढे करतात. कृपा करून करू नका. तिला पुन्हा पाण्यात उभं राहावं लागेल.