गादीसकट सासू

जावयाच्या घरी मुक्काम वाढवू नये, एवढं मला कळतं. मी जन्मभर इस्पितळात मेट्रन होते. कोणी खाट कधी सोडावी हे माझ्याइतकं कोणाला कळणार? पण खुब्याचं हाड मोडलं आणि मुलाचं घर पडलं तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. मुलगा म्हणाला, "आई, सध्या ताईकडे राहा. एका चांगल्या वृद्धाश्रमात तुझं नाव घातलंय. जागा झाली की ते फोन करतील."

तो वाईट नाही हो. त्याला सगळं उरकायची घाई असते, इतकंच. लहानपणी जेवणसुद्धा असंच उरकायचा.

मी "बरं" म्हणाले. आश्रमात मला अजिबात जायचं नव्हतं. आयुष्यभर मी लोकांना सकाळी उठवलं, औषधं गिळायला लावली, भेटायला आलेल्यांना वेळ संपली म्हणून हाकललं. आता तेच दुसऱ्या कोणी माझ्या बाबतीत करायचं, हे मला सोसणारं नव्हतं. पण बोलायची सोय नव्हती. लेकीला सांगितलं असतं तर ती नवऱ्याशी भांडली असती, आणि भांडून मिळवलेल्या खोलीत मला झोप लागली नसती.

लेकीकडे मोकळी खोली एकच, आणि ती जावयाची. तिथे तो कॉम्प्युटरवर गाणी ऐकायचा.

जावई विम्याचा सर्व्हेअर. जळलेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते लिहायचं, हे त्याचं काम. बोलणं मोजकं, आणि खोटं तर औषधालाही नाही. भाजी कशी झालीय विचारलं तर "मीठ जास्त आहे" म्हणणार. नवा ड्रेस कसा दिसतो विचारलं तर "मागचा बरा होता." लेकीने विचारणंच सोडून दिलंय. लग्नाआधी मीच म्हणाले होते, मुलगा सरळ आहे. आता भोगतेय बिचारी.

तर गाणी. त्याचं म्हणणं, रेकॉर्डिंग जसं आहे तसं कानापर्यंत पोचलं पाहिजे, वाटेत कोणी त्याला हात लावता कामा नये. आधी त्याने दाबून लहान केलेल्या सगळ्या फायली काढून टाकल्या आणि पूर्ण आकाराच्या आणल्या. मग असं सॉफ्टवेअर घातलं की गाणं चालू असताना कॉम्प्युटरला दुसरा कुठलाच आवाज करायची मुभा नाही. मग पंखा नसलेला कॉम्प्युटर आणला, कारण पंखा घरघरतो. मग एक डबी आली. तिला डॅक म्हणतात. आकड्यांत साठवलेल्या गाण्याचा आवाज करायचं काम ती कॉम्प्युटरच्या बाहेर बसून करते, कारण आत विजेची खरखर असते म्हणे. मग वायरी बदलल्या. एवढी बडदास्त आमच्या इस्पितळात मंत्र्याचीही नसायची.

शेवटी त्याची नजर खोलीकडे वळली. कपाटाचं दार थरथरतं, काढा कपाट. पुस्तकांच्या फळीचा खिळा वाजतो, काढा फळी. सोफा, पडदे, गालिचा, सगळं गेलं. उरले दोन स्पीकर, एक टेबल, एक खुर्ची. खोली अशी झाली की शिंकलं तर दोनदा ऐकू यावं.

आणि एवढं करून एक सूर बिघडलेलाच. त्याच्या आवडत्या एका रेकॉर्डिंगमध्ये उभं राहून वाजवायचं ते अजस्र व्हायोलिन आहे. ते खालच्या एका सुरावर आलं की खोलीभर भोंऽऽ व्हायचं, म्हैस अडल्यासारखं. "डॅक बदलावा लागेल," जावई म्हणाला.

"डॅक नाही, खोली बदलावी लागेल," लेक म्हणाली. "आई तिथे राहणारेय. रविवारी तुझं सगळं आवर."

जावई "बरं" म्हणाला. तोंडावर राग नाही, लोभ नाही. हा माणूस मला कधी कळलाच नव्हता.

शनिवारी माझं सामान आलं. माझी लोखंडी खाट, तिच्यावरच्या दोन जाडजूड कापसाच्या गाद्या आणि गोधड्यांनी गच्च भरलेली ट्रंक. नव्या फोमवर मला झोप येत नाही. जावयाने मुकाट्याने सगळं कोपऱ्यात लावलं, ट्रंक खाटेखाली सरकवली. मग म्हणाला, "आई, उद्या काढणारच आहे. एकदा शेवटचं ऐकू का?"

"ऐका की! खोली तुमचीच आहे," मी म्हणाले आणि गादीवर अंग टाकलं.

म्हैस आली नाही.

त्याने परत लावलं. नाही आली. तो सूर आला आणि शहाण्यासारखा गेला. जावई मागे वळून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, माझं काही उघडं पडलंय की काय, म्हणून मी पदर सारखा केला.

रविवारचा दिवस मोजण्यात गेला. आवराआवर राहिलीच. त्याने गाद्या बाहेर काढल्या, भोंऽऽ. आत आणल्या, गप्प. खाट दुसऱ्या कोपऱ्यात नेली, पुन्हा भोंऽऽ. मग परत जागेवर आणून चारी पायांभोवती फरशीवर चिकटपट्ट्या लावल्या. एक माइक उभा करून कॉम्प्युटरवर रेघा काढल्या. "आई, जरा उठता? आता बसा. पुन्हा उठा." खुबा नवा बसवलेला, पण मीही इरेला पेटले होते.

"मग? काय निघालं?" मी विचारलं.

त्याने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, मी असतानाची आणि नसतानाची. दोन्ही एकावर एक बसलेल्या. "तुमच्यामुळे काही फरक पडत नाही, आई. सगळं गाद्यांचं आणि ट्रंकेचं काम आहे."

घ्या! माणसाने निदान घटकाभर तरी विचार करावा की नाही?

पण सामान हललं नाही. तो संध्याकाळी खुर्चीवर बसून ऐकायचा, मी मागे खाटेवर. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तरी मधेच तो विचारायचा, "आई, आवाज मोठा होतोय का?" आणि मी म्हणायचे, "असू दे." एकदा मी घोरले. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि माझ्या अंगावर पांघरूण घातलं. मी जागी झाले होते, पण डोळे उघडले नाहीत. खरं सांगते, ह्या संध्याकाळी मला फार आवडायला लागल्या होत्या.

आणि आश्रमाचा फोन आला. जागा झाली होती. मुलगा लगेच गाडी घेऊन हजर.

आम्ही चौघं त्या खोलीतच उभे होतो. मी माझी पिशवी भरून ठेवली होती. जायचंच तर रडारड नको. लेक नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा चिकटपट्ट्यांकडे.

"खाट हलवता येणार नाही," जावई म्हणाला.

"का?" मुलगा म्हणाला. जावयाने त्याला ती म्हैस, तो कोपरा, त्या रेघा, सगळं समजावून सांगितलं. मुलाने घड्याळ बघितलं.

"मग त्यात काय एवढं? गाद्या ठेवून घ्या, ट्रंकही ठेवा. तिथे आईला सगळं मिळेल."

बरोबरच होतं की. मी पिशवी उचलली. आता जावई "ठीक आहे" म्हणणार, कारण खरं तेच होतं. दोन रेघा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

जावयाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नुसत्या गाद्यांनी नाही भागत," तो म्हणाला. "आई खोलीत नसल्या की तो सूर फुटतो. मी मोजलंय."

मुलाला त्याचं म्हणणं खरं वाटलं. वाटणारच, हा माणूस खोटं बोलत नाही हे अख्ख्या नात्यागोत्यात माहीत आहे. मुलगा मला म्हणाला, "तुला चालेल का गं, आई?"

मला रडू फुटलं. मेट्रन असताना कोणापुढे रडले नव्हते, पण तेव्हा ढसाढसा रडले. लेकीने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

मुलगा चहा पिऊन गेला. जावयाने कॉम्प्युटर चालू केला आणि मान न वळवता म्हणाला, "आई, बसता ना जागेवर?"

"मोजलंत म्हणे," मी म्हणाले.

कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. मी खाटेवर जाऊन नीट बसले, आणि त्याने गाणं लावलं.