पिवळी टेप

थोरल्याने मोटरचे वेढे पुन्हा उसवले आणि तांब्याची तार बाकावर आपटली. वेढे मोजायचे तर नजर हातावर हवी. त्याची नजर मात्र दुकानाच्या दारातून समोरच्या धक्क्यावर लागली होती. तिथे सासऱ्यांची बोट बांधलेली होती आणि तिच्या पोटात सकाळपासून त्याचा साडू उतरला होता.

सासऱ्यांना मुली दोनच. जावयांना ते थोरले आणि धाकटे म्हणत, आणि पुढे साऱ्या धक्क्यावर तीच नावं पडली. दोघेही वीजकाम करणारे निघाले, इथेच सगळं बिनसलं. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?

"किती वेळा उसवणार ते?" बायकोने आतून विचारलं.

"तार खराब आहे."

"तार बरी आहे. पोट तुमचं दुखतंय."

पोट दुखतच होतं. त्या बोटीवरचा दिवा न् दिवा त्याने स्वतःच्या हाताने जोडलेला. बाकीचे मिस्त्री काळी टेप लावत, तो पिवळी लावायचा, म्हणजे काम कुणाचं ते लांबून कळावं. "हा जोड माझ्यामागेसुद्धा टिकेल," असं तो दर वेळी सांगायचा आणि सासरे मान डोलवायचे. आज मात्र सासरे दुकानावरून पुढे गेले ते नुसते हात हलवून. मागून धाकटा चालला होता, खांद्याला वीज मोजायच्या नव्या मीटरची पिशवी, अंगात पांढरा शर्ट. बोटीच्या तळात उतरायला पांढरा शर्ट! नव्याचे नऊ दिवस म्हणावं, तर लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि नवेपण काही सरत नव्हतं.

बिघडला होता तो पाणी उपसायचा पंप. जुन्या बोटीत पाणी झिरपायचंच. ते बाहेर फेकणारा पंपच चालला नाही, तर म्हातारा संध्याकाळी समुद्रावर जाणार कसा? हे थोरल्याला कळत होतं. तरीही पंपाचं पाणी बाहेर पडायला बोटीच्या कडेला जे भोक होतं, त्यातून धार येऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. निदान आपल्याला बोलावेपर्यंत तरी येऊ नये. धाकट्याने जुना पंप काढून धक्क्यावर ठेवला, नवा आत नेला. धार आली नाही. थोरल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"पंप बदलून काय होतंय," तो आतल्या दिशेने बोलला. "हातात मीटर आलं म्हणून कुणी मिस्त्री होत नाही."

"मग जा आणि सांगा त्याला."

"बोलावलं तर जाईन."

तो मोटरकडे वळला. या खेपेला वेढे बरोबर पडले. चहा झाला, दुसऱ्या गिऱ्हाइकाची इस्त्री झाली, आणि दारात सावली पडली. धाकटा उभा होता. हातात मीटर नव्हतं.

"भाऊजी, जरा येता का? मला काही सापडत नाही. बॅटरीवर व्होल्टेज पूर्ण आहे, पंपापाशी येईपर्यंत अर्ध्यावर येतं. वायरिंग तुमच्या हातची, तुम्हालाच कळेल."

थोरल्याने इस्त्रीची वायर शांतपणे गुंडाळली. मग स्क्रूड्रायव्हर पुसला. मग वहाणा शोधल्या, त्या पायातच होत्या. बायको आतून बघत होती. तिच्याकडे त्याने मुद्दाम बघितलं नाही.

धक्क्यावरून तो जरा सावकाशच चालला. जाळी दुरुस्त करणाऱ्या दोघांनी वर पाहिलं, तेव्हा त्याने घसा साफ केला. बोटीवर चढताना भोकाखालची फळी ओली दिसली. लाट उडाली असेल, असं म्हणून तो पुढे झाला.

"या थोरले," सासरे म्हणाले. "आता तुम्हीच काय ते बघा."

"बघतो ना मामा. जुनं काम आहे, त्याला हात ओळखीचा लागतो."

तो तळात उतरला. मागून धाकटा उतरला आणि त्याने टॉर्च धरला. थोरल्याने फळी उचलली. पंपाकडे जाणाऱ्या वायरीवर त्याने बोट फिरवत नेलं, आणि जिथे त्याचा जुना जोड होता तिथे ते थांबलं. तिथे पिवळी टेप नव्हती. दोन्ही टोकं स्वच्छ कापलेली, नवा जोड, वर पाणी शिरू न देणारी काळी नळी घट्ट बसवलेली. जोड उंच बांधला होता, तळातलं पाणी पोचणार नाही असा.

त्याला ती संध्याकाळ आठवली. धाकट्या मेहुणीच्या लग्नाची गडबड होती, सासरे ज्याला त्याला नव्या जावयाचं कौतुक सांगत होते. तेव्हाच हा पंप जोडायला तो इथे उतरला होता. तारा नुसत्या पिळल्या, टेप गुंडाळली आणि वर आला. पाणी लागेल तिथेच जोड सोडला, कारण मन जागेवर नव्हतं.

"फ्यूज बघता का?" धाकटा हळूच म्हणाला.

फ्यूज काढून बाजूच्या कडेवर नीट ठेवलेला होता. थोरल्याने मान वर केली. टॉर्चच्या उजेडात साडूच्या पांढऱ्या खिशाला हिरवा डाग पडलेला दिसला आणि खिशातून पिवळ्या टेपचं टोक डोकावत होतं. भोकाखालची ओली फळी आता त्याच्या ध्यानात आली; पंप आधीच चालवून पाहिलेला होता.

त्याने फ्यूज बसवला. पंप घरघरला आणि बाहेर धार पडल्याचा आवाज आला.

"शाब्बास!" वरून सासरे ओरडले. "म्हटलं नव्हतं मी? थोरल्यांशिवाय होणार नाही!"

हेच शब्द ऐकायला तो सकाळपासून झुरत होता. ते आले, आणि घशाखाली उतरेनात. काम याने केलं, आणि मनाचा मोठेपणाही यानेच दाखवायचा? वर शर्टाचं नुकसान? आपल्याला काय, नुसती शाबासकी? थोरल्याच्या अंगाचा भडका उडाला. मीटरचा, शर्टाचा, सासऱ्यांच्या मायेचा हेवा त्याने दोन वर्षं केला होता, पण इतका हेवा त्याला कधीच वाटला नव्हता.

त्याने साडूच्या खिशात हात घातला.

"भाऊजी, राहू द्या ना."

"सर बाजूला."

तो वर चढला आणि खिशातून काढलेला वायरीचा तुकडा त्याने सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. टेप सुटली होती. आतलं तांबं हिरवं पडून त्याचा भुगा झाला होता.

"मामा, हा माझा जोड. यानेच पंप बंद पडला होता. शोधला यांनी, केलाही यांनी. मी फक्त फ्यूज बसवला."

सासऱ्यांनी तुकडा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग हात लांबवून तो पाण्यात टाकून दिला.

"काय होतं ते? मला मेल्याला चष्म्याशिवाय काही दिसत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. म्हातारा वाकून कडेची धार बघत राहिला.

धाकटा शिडीवरून वर आला, आणि थोरल्याकडे बघावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

"शर्ट आत्ताच भिजत घाल," थोरला म्हणाला. "तांब्याचा डाग आहे. वाळला की निघत नाही."