बगळ्यांचा जुलै

मी टोपी. निळ्या कापडाची, ऊन अडवायला पुढे कड असलेली, कपाळावर पांढरा बगळा भरलेली. माझा बगळा मात्र आंधळा आहे. कारखान्यात यंत्राने माझ्या शेकडो बहिणींच्या कपाळावर बगळे भरले. माझी पाळी आली तेव्हा काळा दोरा तुटला आणि डोळा राहूनच गेला. त्यामुळे मैदानाच्या दाराशी असलेल्या दुकानात मी बरेच दिवस मागच्या खुंटीवर लटकत होते. लोक मला हातात घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि शेजारचीला घेऊन जायचे.

मग एके दिवशी आर्डिथ कोलार आली. तिने मला नाकासमोर धरलं आणि दुकानातल्या मुलीला म्हणाली, "हीच दे. आंधळी आहे, म्हणजे आपल्या पंचांच्या घराण्यातली दिसते."

तेव्हापासून मी तिच्या डोक्यावर आहे.

आमचं गाव कॉटनवुड फेरी, आयोवातलं, मिसिसिपीच्या काठावरचं. आमचा बेसबॉलचा संघ म्हणजे बगळे. हा धाकटा संघ. पोरं इथे तयार होतात आणि चांगली पिकली की मोठ्या शहरातला मुख्य संघ त्यांना तोडून नेतो. झाड आमचं, फळ त्यांचं. गावाला याची सवय आहे, तरी दर वर्षी नव्याने वाईट वाटतं.

आर्डिथने आयुष्यभर शाळेची बस चालवली. स्टिअरिंगवरून शेवटच्या बाकावरच्या पोराला दम भरायचा तर आवाज तसाच लागतो. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात मावेना. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मग आर्डिथने तो आवाज मैदानावर नेला. पंचांना तिने नावं ठेवली, पाहुण्या संघांना ठेवली आणि सगळ्यात जास्त आपल्याच पोरांना ठेवली.

शेजारच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन बसायचा. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. भुईमुगाच्या शेंगा फोडत तो संघ जिंकत असला तरी सुतक असल्यासारखं तोंड करायचा. "एप्रिलमध्ये सगळेच जिंकतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मे उजाडला की फक्त महिना बदलायचा.

हिवाळ्यात माझे हाल. गॅरेजमध्ये बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते. एका वर्षी तर उंदराने माझी कड कुरतडली. पण बर्फ वितळलं की आर्डिथ येते, मला मांडीवर आपटून धूळ झटकते आणि म्हणते, "चल गं." तेवढ्यावर मी सगळं विसरते.

यंदा वसंतात तिने एक नवीनच गोष्ट केली. बाहेरून आलेल्या खेळाडूंना गावातली घरं उन्हाळाभर ठेवून घेतात. आर्डिथनेही एकाला ठेवलं. ओस्मार लांतिग्वा त्याचं नाव. डॉमिनिकन रिपब्लिकमधला, विशीतला, उंच, पाय दारातून आधी आणि बाकीचा नंतर आत येणारा. तो पिचर होता, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारा. आल्या आल्या त्याने वाकून तिला 'दोन्या आर्डिथ' म्हटलं. त्यांच्याकडे मोठ्या बाईला मानाने असंच म्हणतात. आर्डिथला आजवर इतक्या मानाने कोणी हाक मारली नव्हती. माझ्याखालचं तिचं कपाळ लाजेने गरम झालेलं मला कळलं.

मे आणि जून म्हणजे नुसती दिवाळी होती म्हणा. ओस्मारने चेंडू टाकावा आणि समोरच्याने हवेत बॅट फिरवून परत जावं. बगळे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. पलीकडच्या काठावरचं डेल्टन, ज्यांनी वर्षानुवर्षं आम्हाला रडवलं होतं, ते आमच्या खाली. संघ जिंकत असताना टोपी धुवायची नाही असा आर्डिथचा नेम, त्यामुळे मला मोहरीचा, घामाचा आणि नदीचा असा एकत्र वास येऊ लागला होता. गावाने बगळे यंदा चषक आणणार असं धरूनच टाकलं. याआधी बगळ्यांनी चषक आणला होता तेव्हा आर्डिथ आणि व्हर्लिन दोघं शाळेत होते.

"जूनमध्ये सगळेच जिंकतात," व्हर्लिन म्हणाला. पण शेंगा सोलताना त्याचं बोट ठेका धरत होतं.

मग जुलै आला आणि कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. ओस्मारचे चेंडू भरकटायला लागले. एक खाली, एक बाहेर, एक थेट पंचाच्या खांद्यावर. फलंदाज नुसते उभे राहायचे आणि चार चेंडू भरकटले की नियमाने फुकटात पहिल्या तळावर, म्हणजे पहिल्या बेसवर, जायचे. त्याचं बघून बाकीच्यांचेही हातपाय गळाले. सोपे झेल सुटू लागले. पहिल्यावरून दुसरे, दुसऱ्यावरून चौथे. आर्डिथने मला आतलं बाहेर करून डोक्यावर घालून पाहिलं. सामना हातचा जायला लागला की इथले लोक असा तोडगा करतात. माझ्या शिवणी जगाला दिसल्या, बाकी काही झालं नाही.

अशाच एका संध्याकाळी डेल्टनविरुद्ध ओस्मारने लागोपाठ तिघांना फुकट सोडलं. आर्डिथचा आवाज तिला विचारून थोडाच निघतो.

"ओस्मार, हात घरी विसरून आलास का रे?"

मैदानावर हजारभर लोक ओरडत होते. तरी त्याने मान वळवून नेमकं आमच्या बाकाकडे पाहिलं. रोज सकाळी नाश्त्याला हाक मारणारा आवाज होता तो. त्याला कळणार नाही तर कोणाला? आर्डिथने मला भुवयांपर्यंत खाली ओढलं. पुढचा चेंडू कुंपणापार गेला.

त्या रात्री जेवायला मक्याची कणसं होती. अर्धं कणीस झाल्यावर आर्डिथ म्हणाली, "मी आज ओरडले."

"ऐकलं मी, दोन्या."

"तोंड माझ्या ताब्यात नसतं."

"माझी आई तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडते," ओस्मार म्हणाला. "पण ती नाव नाही घेत. 'अरे पोरा' म्हणते. मग मैदानातल्या सगळ्या पोरांना वाटतं आपल्यालाच म्हणाली. थोडं थोडं वाटून जातं."

आर्डिथने कणीस खाली ठेवलं. आधी ती हसली, मग नाक पुसायला उठली. त्या दिवसापासून तिने नावं घेणं सोडलं. "अरे पोरांनो, जागे व्हा," असं ती ओरडायची आणि नऊच्या नऊ जण सरळ उभे राहायचे. पंचांना मात्र सवलत नव्हती.

ओस्मार कशाने सावरला ते मला सांगता येणार नाही. प्रशिक्षक रोस्को प्रॅट म्हणे, त्याने पाय टाकायची पद्धत बदलली. आर्डिथ म्हणे, पोराने तिच्या स्वयंपाकघरात त्यांच्याकडची कच्ची केळी तळायला सुरुवात केली, तेव्हापासून फरक पडला. व्हर्लिन म्हणे, दिवस फिरले. खरं एवढंच की महिना संपता संपता ओस्मार पुन्हा जिंकू लागला. बगळे चौथ्यावरून दुसऱ्यावर आले आणि डेल्टन अगदी हाताच्या अंतरावर राहिलं.

आणि नेमका तेव्हा वरून, मुख्य संघाकडून, ओस्मारसाठी फोन आला.

रोस्को संध्याकाळी आर्डिथला भेटायला येणार हे गावात आधीच पसरलं होतं. त्याच्या आधी व्हर्लिन येऊन ओसरीवर बसला.

"तो तुला विचारणार, पोरगा कसा आहे," व्हर्लिन म्हणाला. "तू सांग, झोपत नाही. घरची आठवण काढतो. थोडं थांबा म्हणावं."

"तो तर घोरतो."

"अगं, कायमचं नको म्हणतोय का मी? सप्टेंबरपर्यंत. चषक झाला की खुशाल जाऊ दे. तो कुठे म्हातारा होतोय? आपण होतोय, आर्डिथ. मला पुन्हा एकदा बघायचाय तो चषक."

हे त्याने शेंगा न फोडता सांगितलं. माझी आतली पट्टी ओली होत चालली होती.

रोस्को आला. थंड चहाचा पेला हातात घेऊन पायरीवरच बसला. "आर्डिथबाई, खेळाचं मी त्यांना सांगितलंय. ते विचारतायत, एवढ्या मोठ्या शहरात पोरगा एकटा टिकेल का. गेल्या वर्षी नेलेला एक जण पंधरा दिवसांत मोडून परत आला. घरातलं तुम्हाला माहीत. तुम्ही सांगाल ते मी वर कळवतो. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही थांबा म्हणालात तर मला आनंदच होईल. मलाही डेल्टनला हरवायचंय."

आर्डिथने मला काढून गुडघ्यावर ठेवलं. वाऱ्याने तिचे विरळ केस उडत होते. ती व्हर्लिनकडे बघत नव्हती.

"माझ्याकडे आला तेव्हा त्याला अंडं उकडता येत नव्हतं," ती म्हणाली. "आता मला जेवायला घालतो. जुलैभर मार खाऊन घरी यायचा. यायचा, जेवायचा, भांडी घासायचा, आणि सकाळी उठून परत जायचा. कोणावर चिडला नाही, माझ्यावरसुद्धा नाही. टिकेल तो. घेऊन जा त्याला."

रोस्कोने पेला खाली ठेवला आणि मान हलवली. तो गेल्यावर व्हर्लिन उठला.

"टोपी फिरवलीस तू," तो म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

माझ्याच नावाने तिला बोल लागला. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं की मी होते तिथेच आहे, गुडघ्यावर.

सकाळी बसथांब्यावर ओस्मार तिच्यापुढे वाकून उभा राहिला. "तिकडे कोण ओरडेल माझ्यावर, दोन्या?"

"चाळीस हजार लोक येतात तिथे. ते काय गप्प बसायला तिकीट काढतात?"

तो हसला, पण बसमध्ये चढताना त्याने तोंड दुसरीकडे केलं. आर्डिथ घरी आली, त्याच्या पलंगावरची चादर काढायला गेली आणि चादरीवरच बसून राहिली.

पुढचं काय सांगू? बगळे जे घसरले ते थांबेचनात. बाकावर टोमणे सुरू झाले. "आर्डिथबाई, एखादा पोरगा शिल्लक असेल तर आम्हालाही द्या," असं मागच्या रांगेतल्या पोस्टमनने म्हटलं. ती मान वळवून "देते, आधी तू पत्रं वेळेवर दे," म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता. खरं दुखणं वेगळंच होतं. व्हर्लिनची खुर्ची रिकामी होती. तो येत होता, पण मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, पाहुण्यांच्या बाकांवर एकटा बसत होता. त्याचं पांढरं डोकं मला इथून दिसायचं. आर्डिथ सामना बघायची त्याहून जास्त ते डोकं बघायची. दोघांपैकी कोणीही फोन केला नाही. त्या भावंडांत हट्टाला तोटा नव्हता.

ऑगस्टमधल्या एका उकाड्याच्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे हरत होतो. नऊपैकी पाचवा डाव चालू होता. पलीकडचं पांढरं डोकं उठलं. मला वाटलं, घरी निघाला. पण तो मैदानाला वळसा घालून, जिना चढून, लोकांच्या गुडघ्यांना धडका देत आमच्या रांगेत आला. हातात छोटा रेडिओ होता, त्याची वायर कानात.

"सरक," तो म्हणाला.

"खुर्ची तुझीच आहे. मी कशाला सरकू?"

तो बसला. "तो टाकतोय आत्ता," तो म्हणाला. "तिकडे. पहिलाच सामना त्याचा."

व्हर्लिनने कानातलं एक बोंड काढून आर्डिथला दिलं. तिने मला एका बाजूने उचललं आणि ते कानात बसवलं. वायर आखूड होती, म्हणून दोघांना डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. मी दोन्ही डोक्यांच्या मध्ये चेपले गेले. मला अजिबात तक्रार नाही.

पहिल्याच फलंदाजाने ओस्मारचा चेंडू कुंपणापार पाठवला. दोघांनी एकदमच डोळे मिटले.

"टिकेल म्हणालीस तू," व्हर्लिन पुटपुटला.

"ऐक गप्प."

दुसरा बाद झाला. तिसराही झाला. तीन बाद झाले की डाव संपतो. चौथ्याशी बराच वेळ झुंज चालली. व्हर्लिनने बहिणीचं मनगट धरलं होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. मग रेडिओवरचा माणूस काहीतरी जोरात म्हणाला आणि दोन्ही म्हातारी ताडकन उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

नेमकं त्याच क्षणी आमच्या मैदानावर आमचाच एक फलंदाज, नवखा, लाल कानांचा, तीन चेंडू हुकवून बाद होऊन परत येत होता. सगळ्यांनी चमकून आर्डिथकडे पाहिलं.

"ओस्मारने डाव संपवला," व्हर्लिनने मागच्या पोस्टमनला सांगितलं. पोस्टमनने त्याच्या शेजाऱ्याला सांगितलं. बातमी रांगेरांगेने खाली उतरली आणि बघता बघता सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. तो लाल कानांचा पोरगा वाटेतच थबकला. इतक्या टाळ्या त्याला जन्मात मिळाल्या नव्हत्या. त्याने हेल्मेट काढलं आणि चारी बाजूंना मान लववून लोकांचे आभार मानले.

त्याला खरं कोणी सांगितलं नाही. पुढच्या वेळी त्याने लांब चेंडू मारला, दोन धावा झाल्या, तरी आम्ही हरलो.

सध्या बगळे चौथे आहेत. माझा रंग उडालाय, कड मऊ पडलीय, आणि रेडिओच्या वायरीने माझ्या डाव्या काठाला एक घडी पडलीय. अजून महिनाभर सामने आहेत. तुम्ही कधी नदीकाठच्या या बाजूला आलात तर या. पहिल्या तळाच्या मागे, वरून तिसरी रांग. आवाज आला की समजा आर्डिथ आली आहे. आम्ही बहुधा हरत असू. पण बसा. व्हर्लिन शेंगा देईल.